महाराजांनी परांचीला खांदा दिला

उदासगिरी महाराज त्या वर्षी नांदखेडला, खंडोबाच्या देवळाबाहेरच्या चिंचेखाली उतरले होते. देवळावर कळस चढायचा होता. त्यासाठी शिखराभोवती बांबूची परांची बांधली होती मसाजी बुरुडाने, केवळ देवाची सेवा म्हणून.

आदल्या दिवशी अनंतशास्त्र्यांनी पुराण सांगताना 'गौरवणे' या शब्दाचा अर्थ उलगडला. गौरवणे म्हणजे मानाने उंच बसवणे, आणि हा शब्द वापरावा तो देवाला, राजाला, पंडिताला. मसाजी बिचारा भोळा. हात जोडून विचारता झाला, "ज्या बांबूंवरून कळस वर जातो, त्यांना गौरवतात का हो, बुवा?"

"बांबू चुलीत घालतात," शास्त्रीबुवा म्हणाले, आणि सारा मंडप खो खो हसला. मसाजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. महाराज मात्र हसले नाहीत.

परांचीवर चढण्याआधी काथ्याच्या दोरीच्या गाठींवर पाणी मारायचं, ही बुरुडांची रीत. पाणी प्यालं की काथ्या आवळतो, उन्हात वाळला की सैल पडतो. सकाळी मसाजी घागर घेऊन आला, तर शास्त्रीबुवांनी त्याला हाकलून दिलं. मंत्रांनी शुद्ध केलेल्या जागी याचा हात नको, म्हणे! आणि कळस घेऊन स्वतःच चढले.

अर्ध्यावर गाठ सुटली नि परांची कलली. शास्त्रीबुवा एका हाताने कळस, दुसऱ्याने बांबू धरून लटकले. मसाजीला वाटलं, माणूस मेला तर पाप आपल्याच गाठींचं! त्याने टाहो फोडला, "महाराज, सांभाळा!"

चिंचेखाली महाराजांनी डावा खांदा फक्त किंचित उचलला. आणि काय नवल सांगावं! कलती परांची जागच्या जागी थांबली. मसाजी धावला, भराभर पाणी मारून त्याने गाठी आवळल्या आणि शास्त्रीबुवांना हाताला धरून सुखरूप खाली आणलं. गावाचा जीव भांड्यात पडला. मसाजी तर मटकन बसून रडायलाच लागला.

शास्त्रीबुवा महाराजांच्या पायांवर पडले. वर पाहतात तो महाराजांच्या डाव्या खांद्यावर बांबूचा लालभडक वळ!

महाराज म्हणाले, "आम्ही नुसता टेकू दिला. बांधणारा तिकडे बसलाय. शास्त्रीबुवा, कालच्या शब्दाचा अर्थ छान सांगितलात. आता तो वापरून दाखवा."

शास्त्रीबुवांची मान खाली गेली. त्यांनी कळस मसाजीच्या हाती दिला आणि वाकून त्याच्या पायांवर डोकं ठेवलं. मसाजी नको नको म्हणत होता, पण महाराजांनी डोळ्यांनीच त्याला वर जायला खुणावलं.

मसाजी कळस घेऊन चढला, तेव्हा खाली परांचीच्या बांबूला खांदा लावून उभे होते ते अनंतशास्त्री!