काढून टाकलेला दिवा

"आता बदलायचं राहिलंय काय, वस्ताद?"

जालिंदरनं बॉनेटवर हात आपटला. बॅटरी नवी, पट्टा नवा, अल्टरनेटर नवा, वायरिंग त्यानं स्वतः ओढलेलं. तरी जुनी गाडी चार्जिंग घेत नव्हती. परवा बायकोला डायलिसिसहून आणताना ती घाटात बंद पडली. उद्या पुन्हा जायचं होतं.

तालुक्यात आपल्या हाताला तोड नाही, असं जालिंदर स्वतःच सांगत फिरे. ज्यांच्याकडे काम शिकला त्या बाबालाल वस्तादांच्या दारात परत यायला त्याला फार जड गेलं होतं.

वस्तादांनी बॉनेटमध्ये डोकावलंही नाही. ते गाडीत जाऊन बसले. शेजारच्या सीटवर कमल होती, जालिंदरची बायको, शाल गुंडाळून.

"कशी आहेस, पोरी?"

"बरी आहे," जालिंदर बाहेरूनच बोलला. "सुधारतीय."

कमल काचेबाहेर बघत राहिली.

वस्तादांनी चावी अर्धी फिरवली. समोर काहीच पेटलं नाही.

"चार्जिंगचा लाल दिवा?"

"काढून टाकला. वायर ढिली होती तेव्हा सारखा पेटायचा. हिचा जीव घाबरा व्हायचा. घाबरण्यासारखं काही मी हिच्यासमोर येऊच देत नाही."

"अल्टरनेटरला पहिला करंट कुठनं जातो?"

जालिंदरचा चेहरा उतरला. पोरवयात हे त्याला इथंच शिकवलं होतं.

"...त्या दिव्यातनंच. तो नसला की चार्जिंग सुरूच होत नाही."

वस्तादांनी डब्यातून एक बारका बल्ब काढून बसवला. चावी फिरवताच तो लाल पेटला. इंजिन सुरू झालं आणि तो आपोआप विझला. हेडलाइट लख्ख झाले.

"झालं," जालिंदर हसला. "उद्या सातला निघू."

"मला जायचं नाही," कमल म्हणाली.

"काय?"

"उद्याबी नाही आणि परतबी नाही. आता फार दिवस नाहीत, असं डॉक्टर तुम्हाला बाजूला घेऊन म्हणाले, ते मी ऐकलंय. कधीचं सांगीन म्हणते, पण तुम्ही..."

"गप. असलं बोलायचं नाही."

तिनं पुन्हा तोंड काचेकडे फिरवलं.

जालिंदरनं गाडीचं दार घट्ट धरलं. आपण हरलो, हे त्याला कळत होतं.

"वस्ताद, तुम्ही तरी समजवा हिला..."

वस्तादांनी इंजिन बंद केलं. चावी पुन्हा अर्धी फिरवली. लाल दिवा पेटला.

दिव्यावरची नजर त्यांनी कमलकडे वळवली.

"या खेपेला काढू नकोस," वस्ताद म्हणाले.