खिंडीतली कड

बालमित्रांनो, तुमच्यापैकी काही जण सायकलने शाळेत जातात आणि काही जण मोटारीत बसून. रस्त्यात एकमेकांना पाहून कोणाच्या कपाळावर आठ्या पडतात, हे मला चांगले ठाऊक आहे. मोटारवाल्याला वाटते, ही सायकल मेली मध्येच कुठून कडमडली! सायकलवाल्याला वाटते, या मोटारीला रस्ता काय आंदण दिला आहे! म्हणून आज एका खिंडीची गोष्ट सांगतो. तिथे मोटार नव्हती, सायकलही नव्हती. भांडण मात्र हेच होते.

एका जंगलात दोन उंच कड्यांच्या मधून जाणारी एक अरुंद खिंड होती. खिंडीच्या अलीकडे दाट झाडी, पलीकडे पाण्याचा डोह. झाडीत गव्यांचा एक मोठा कळप राहत असे आणि रोज सकाळी खिंडीतून पाण्यावर जात असे. गवा हा प्राणी इतका धिप्पाड, की एक गवा खिंडीत शिरला की दोन्ही बाजूंना जेमतेम वीतभर कड उरे. त्या कडेने ससे, मुंगूस, साळिंदर अशी किरकोळ मंडळी ये-जा करत.

गव्यांना त्यांचा भारी राग. "आम्ही तुडवून तुडवून ही वाट केली. यांच्या पायांनी एक खडा तरी हलला का? आयत्या बिळावर नागोबा!" असे कळपाचा म्होरक्या उठताबसता म्हणे. खरे सांगायचे तर ससेही काही कमी नव्हते. मनात आले की गव्याच्या नाकासमोरून टुणकन आडवी उडी. ना इशारा, ना काही. गवा दचकला की हे खदाखदा हसत.

एके दिवशी एका सशिणीच्या पिल्लाने अशीच उडी मारली आणि म्होरक्याचे खूर त्याच्या पायावर पडले. पाय मोडला नाही एवढेच. सशीण रडवेली होऊन म्हणाली, "दादा, जरा खाली बघून चालावं. माझं लेकरू गेलं असतं."

म्होरक्याला वाईट वाटले होते, पण ते दाखवील तर तो म्होरक्या कसला! तो गुरकावला, "ए टीचभर, पाय सांभाळता येत नसतील तर वाटेवर यायचंच कशाला? उद्यापासून खुरं नसलेल्या कोणीही खिंडीत पाऊल टाकायचं नाही. टेकडीवरून वळसा घालून जा!"

बळी तो कान पिळी, आणि सशांचे कान तर पिळायला चांगले लांब. बिचारे मुकाट्याने टेकडीवरून जाऊ लागले. तिथे सगळे काटे आणि तापलेले दगड. सकाळी निघावे तेव्हा दुपारी डोह दिसे. लंगड्या पिल्लाला ती टेकडी चढवेना. सशीण डोहाकाठचे ओले गवत तोंडात धरून त्याच्यासाठी आणी, पण घरी येईपर्यंत ते सुकून जाई. चार दिवस असेच गेले. पाचव्या दिवशी पिल्लू उठेचना. तेव्हा सशिणीने त्याला मानगुटीला धरून उचलले आणि ती थेट खिंडीकडे निघाली. तुडवले तर तुडवले, पण पाण्यावाचून लेकरू मरू द्यायचे नाही, असे तिने ठरवले.

खिंडीच्या तोंडाशी पोहोचते तो काय, आत नुसता गलका! झाले होते असे, की डोहाच्या बाजूलाही गव्यांचा एक कळप राहत असे आणि तो सकाळी चरायला इकडे येई. इतकी वर्षे खिंडीतून आधी पळत ससे बाहेर पडत. ते दिसले की पलीकडचे गवे ओळखत, मागून कळप येतो आहे, आणि थांबत. ही गोष्ट कोणाच्या ध्यानातच आली नव्हती. आता पुढे पळणारे ससेच उरले नाहीत. चार दिवस योगायोगाने वेळा चुकत राहिल्या, पण त्या सकाळी दोन्ही कळप दोन्हीकडून भरधाव आत शिरले आणि मधोमध शिंगाला शिंग भिडून उभे राहिले.

वळायला जागा नाही, आणि मागे सरावे तर गव्यांच्या कुळात मागे पाऊल टाकणे म्हणजे नाक कापून घेणे. "तू सर मागे," हा म्हणे. "मी का म्हणून? तू सर," तो म्हणे. पुढे काय अडले आहे हे मागच्यांना दिसत नव्हते, म्हणून ते रेटत होते आणि डुरकत होते. मागचे डुरकतात म्हणून पुढचे आणखी जोरात डुरकत. ऊन डोक्यावर आले, कडे तापले, तरी कोणी तसूभर हलेना.

खिंडीच्या तोंडाशी साळिंदर बसले होते. आनंदाने त्याचे काटे खुळखुळत होते. "चांगली जिरली! सशीणबाई, कडेनं सटक आणि पाजून ये लेकराला पाणी. आज तुला अडवायला कोणाला फुरसत आहे?"

सशीण तशीच घुसली. गव्यांच्या पायांजवळून, पोटांखालून, कडेकडेने ती डोहावर पोहोचली. पिल्लू पोटभर पाणी प्यायले आणि त्याने डोळे उघडले. सशिणीचे काम झाले होते. पण परत येताना तिला खिंडीच्या मध्यावर म्होरक्याचे वासरू दिसले. दोन्हीकडून चेपलेले, जीभ बाहेर आलेली. त्याने सशिणीच्या ओल्या तोंडाकडे पाहिले आणि क्षीण आवाजात विचारले, "मावशी, पाणी लांब आहे का गं?"

सशिणीला राग होताच, पण पाच दिवस असेच सुकलेले तोंड तिने घरी पाहिले होते. पिल्लाला खाली ठेवून ती म्होरक्याच्या पायाशी उभी राहिली आणि म्हणाली, "दादा, तुम्ही पुढे उभे राहून कितीही भांडा. शेवटचा गवा मागे सरल्याशिवाय ही गाठ सुटायची नाही. त्याला कोणी सांगितलंय का?"

"सांगू कसं? या गोंगाटात माझा आवाज चौथ्या शेपटीपर्यंतही जात नाही."

"मी जाते सांगायला. पण फुकट नाही जायची. उद्यापासून खिंडीची ही कड आमची, असं आधी मोठ्यानं म्हणा. सगळ्यांना ऐकू येऊ दे."

म्होरक्याने वासराकडे पाहिले. "कड तुमची!" तो गरजला. मग आवाज उतरवून म्हणाला, "पण तुम्हीही नाकासमोरून उड्या मारायच्या नाहीत."

"ते आमचं चुकतंच," सशीण म्हणाली. "यापुढे आडवं जाण्याआधी पाय आपटून सांगू. आणि दादा, मागे तुमच्याच कळपाला सरावं लागेल. चालेल?"

"माझं वासरू आत आहे. नाक गेलं तर गेलं. जा तू!"

सशिणीने पिल्लाला साळिंदराजवळ ठेवले आणि ती शेवटच्या म्हाताऱ्या गव्याकडे धावली. "आजोबा, चार पावलं मागे. म्होरक्याचा निरोप आहे, आत वासरू गुदमरतंय." आजोबा हबकले, पण सरले. मग त्यांच्या पुढचा, मग त्याच्याही पुढचा. ज्याची पाळी येईल त्याच्या खुराशी सशीण पाय आपटे, टप टप टप. ती टपटप ऐकायची तर गप्प राहायला हवे, म्हणून एकेकाचे डुरकणे आपोआप थांबले. मघाशी मजा बघणाऱ्या साळिंदरालाही राहवले नाही. तोंडाशी उभे राहून ते बाहेर पडणाऱ्याला काटे खुळखुळवून बाजू दाखवू लागले. बघता बघता अख्खा कळप बाहेर आला, पलीकडचा कळप निघून गेला, आणि मोकळ्या झालेल्या वाटेने वासरू सगळ्यांच्या आधी पाण्यावर पोहोचले. टेकडीवरून बघणाऱ्या सशांनी असा जल्लोष केला की कडे दणाणले!

दुसऱ्या दिवशी सकाळी खिंडीच्या कडेने एक लंगडे पिल्लू ताठ मानेने चालले होते. कडेवरचा एक मोठा धोंडा त्याला ओलांडवेना, म्हणून ते थांबले, त्याने पाय आपटले आणि ते वाटेच्या मध्ये आले. म्होरक्या जागच्या जागी उभा राहिला. मागून कोणीतरी डुरकले, "काय झालं रे पुढे?"

"सशीणबाईंचं लेकरू चाललंय," म्होरक्या म्हणाला. "दम धरा."

पलीकडच्या तोंडातून ते टीचभर पिल्लू बाहेर पडले. ते दिसताच तिकडचे वीस गवे समजले, मागून कळप येतो आहे, आणि वीसही जण एक पाऊल मागे सरले. कोणाचेही नाक कापले गेले नाही.

तात्पर्य : वाट जितकी मोठ्याची तितकीच लहानाची, जो दुसऱ्याला कड देत नाही, तो स्वतःच मध्ये अडकतो.