तान्ह्याला मध नको

पुष्कळ पुष्कळ वर्षांपूर्वी, डोंगरांनी वेढलेल्या एका राज्यात बुधी नावाची बाई रानातला मध काढून विकायची. मोहोळ कापताना ती पिल्लांचा भाग मधमाश्यांसाठी सोडायची. मध फडक्यातून गाळून तसाच मडक्यात भरायची.

एकदा उकळतं तेल सांडून राजाचा हात भाजला. राजवैद्यांच्या लेपांनी जखम आणखीच चिघळली. शेवटी बुधीला बोलावलं. तिने जखम धुऊन मधाची पट्टी बांधली आणि ती रोज बदलली. पंधरा दिवसांत नवी कातडी धरली.

राजा भारावून गेला. "हा मध माझ्या राज्यातल्या प्रत्येक बाळाच्या पोटात गेला पाहिजे!" राजवैद्यांनी लगेच मान डोलावली. दवंडी पिटली गेली, की मूल जन्मल्या दिवसापासून त्याला रोज बोटभर मध चाटवायचा, आणि मडकी बुधीकडून घ्यायची.

दुसरं कोणी हरखून गेलं असतं. बुधी तडक दरबारात आली.

"महाराज, हुकूम मागे घ्या. वर्षाच्या आतल्या लेकराला मध देऊ नये."

"का गं? भेसळ करतेस की काय?" राजवैद्य हसले.

"मध चोख आहे. चोख आहे तरी नको. मोठ्यांना पचतं ते तान्ह्याला सोसत नाही."

"मग तापवून देऊ."

"तापवूनही तो दोष जात नाही, वैद्यबुवा! आमच्या रानात चार घरांत हेच झालं. माझ्या लेकीला मी माझ्या हाताने चाटवला होता. आधी पोट बांधलं गेलं, शी होईना. मग मान लुळी पडली. मग रडायचाही आवाज उरला नाही. पुढचं विचारू नका."

"अडाणी बाईची पोर गेली, म्हणून मध वाईट?" राजवैद्य म्हणाले, आणि दरबार हसला. हो, हसला! राजाने आपल्या बऱ्या झालेल्या हाताकडे पाहिलं आणि बुधीला बाहेर काढायला सांगितलं.

बुधीने एक थेंबही दिला नाही. मध दुसरीकडून आला.

महिन्याभरात राजाच्या तान्ह्या नातवाच्या पापण्या उघडेनात. तो दूध ओढेना. राजवैद्यांनी काय सुचवलं असेल? आणखी मध!

राजाने पुन्हा बुधीला बोलावलं.

"यावर माझ्याकडे औषध नाही," ती म्हणाली. "मध बंद करा. थेंबाथेंबाने दूध पाजा आणि श्वासावर नजर ठेवा."

सात दाया आळीपाळीने बसल्या. चाळिसाव्या दिवशी बाळाने मान उचलली.

राजाने हुकूम रद्द केला, राजवैद्यांना काढून टाकलं आणि बुधीपुढे शालजोडी ठेवली. तिने हात लावला नाही.

"तुमच्या नातवाजवळ सात दाया होत्या, महाराज. खालच्या वाडीतल्या तीन लेकरांजवळ त्यांच्या एकट्या आया होत्या. ती तिन्ही गेली. तुमचा हुकूम पाळून गेली. मी ओरडून सांगत होते तेव्हा तुमचा दरबार हसत होता!"

दुसऱ्या दिवशी राजा त्या तीन घरी पायी गेला. दोन घरांत तो मान खाली घालून बसला. तिसऱ्या घराने दार उघडलंच नाही.

लहानांनो, मोठ्यांनो, लक्षात ठेवा: गुण सांगणाऱ्याने धोका झाकू नये, आणि धोका सांगणाऱ्याला कोणी हसू नये.