पोत्यातली मूठभर नाचणी

पूर्वी वेणुवती नावाच्या लहानशा डोंगरी राज्यात वेणुदत्त राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने एका शेतकऱ्याच्या घरी जन्म घेतला होता. त्याचे नाव क्षेमक. मोठा झाल्यावर त्याच्याकडे राज्याची बियाण्याची कोठी सांभाळण्याचे काम आले. सुगी झाली की प्रत्येक घर आपल्या नाचणीचे निवडक दाणे राख चोळून मडक्यात भरी, मडक्यावर आपली खूण काढी आणि ते क्षेमकाच्या स्वाधीन करी. पेरणीच्या आधी ज्याचे मडके त्याला परत मिळे. मंत्र्यांमध्ये क्षेमकाचे आसन सर्वांत शेवटी होते, आणि त्याला त्याचे काही वाटत नसे.

वेणुवतीत सोने नव्हते की हत्ती नव्हते. उतारावर दगडी बांध घालून केलेली शेते होती, झऱ्यापासून आणलेला एक लांब पाट होता आणि एक खिंड होती. पूर्वेच्या मोठ्या राज्यातून पश्चिमेच्या मोठ्या राज्यात जायचे तर त्या खिंडीवाचून वाट नव्हती. त्या दोन राज्यांचे फार जुने वैर होते.

एका वर्षी पाऊस आला नाही. झरा आटला, शेते करपली. ते ऐकून पूर्वेच्या राजाने तांदळाच्या शंभर गाड्या पाठवल्या. प्रत्येक पोत्यावर त्याची मोहोर होती. त्या तांदळाने माणसे जगली, हे विसरता येणार नाही.

वेणुवतीत एक रीत होती. शेजाऱ्याचे भांडे घरी आले तर ते रिकामे परत करायचे नाही. त्यात काहीतरी घालायचे, मग ते दोन आवळे का असेनात. म्हणून रिकामी पोती परत निघाली तेव्हा लोकांनी प्रत्येक पोत्यात आपल्या घरची मूठभर नाचणी घातली आणि पोत्याचे तोंड बांधले.

पश्चिमेच्या राजाला हे कळले. शेजाऱ्याने शंभर गाड्या पाठवल्या आणि आपण स्वस्थ बसलो, तर उद्या खिंड त्याची होईल, असे त्याच्या मनात आले. त्याने दोनशे गाड्या पाठवल्या. मग पूर्वेने तीनशे. पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला, झरा भरून वाहू लागला, तरी गाड्या थांबल्या नाहीत. तांदळापाठोपाठ कापडही येऊ लागले.

फुकटचा पांढरा तांदूळ घरोघरी असताना बाजारात नाचणीला कोण विचारणार? पायलीभर नाचणी घेऊन गेलेला माणूस मिठाचा खडाही न मिळता परत येई. विणकरांनी माग गुंडाळून माळ्यावर टाकले. तरुण माणसे शेत सोडून खिंडीत पोती उतरवायला जाऊ लागली, कारण तिथे दोन्ही राज्यांचे कारभारी दुपारचे जेवण देत. बांधांचे दगड निसटले. पाटात गवत वाढले. राजा मात्र समाधानी होता. दोन मोठे राजे आपल्या दारी येतात, यापेक्षा अधिक मान तो कोणता, असे त्याला वाटे.

रीत मात्र कोणी मोडली नाही. पोती हजारांनी येत होती आणि हजारांनी परत जात होती, आणि प्रत्येकात मूठ घालायची होती. शेतात पीक नव्हते. तेव्हा लोक कोठीवर येऊन आपल्या मडक्यातले बी मागून नेऊ लागले. क्षेमक आधी समजावून पाही. लोक म्हणत, "अरे, पाहुण्याचे पोते मोकळे कसे धाडायचे?" बी त्यांचेच होते. तो देई.

तिसऱ्या वर्षी मडकी अर्ध्यावर आली. तेव्हा क्षेमक परतीच्या गाड्यांबरोबर पूर्वेच्या राजधानीला गेला. आपल्या नाचणीचे तिथे काय होते, हे त्याला पाहायचे होते. कोठाराच्या अंगणात नोकर पोती उलटी करून झटकत होते. दाणे फरशीवर पडत आणि कबुतरांचा थवा खाली उतरे.

"हे दाणे कसले?" क्षेमकाने विचारले.

"कोण जाणे," नोकर म्हणाला. "डोंगरातून येतात. पोत्यांना चिकटून राहत असतील. झाडून झाडून पाठ मोडते बघा."

"पश्चिमेकडेही असेच करतात का?"

शेजारचा गाडीवान हसला. "तिकडे निदान कोंबड्या आहेत. अंडी तरी मिळतात."

क्षेमक परत आला आणि त्याने राजाला पाहिलेले सांगितले. मग राजाने क्षेमकाच्या विनंतीवरून दोन्ही राज्यांच्या दूतांना एकाच वेळी बोलावले. क्षेमक त्यांना म्हणाला, "तुम्ही आमचे प्राण वाचवलेत. आता तांदूळ नको. दोन वर्षांपुरती माणसे द्या. आमच्याबरोबर पाट साफ करू द्या, बांध घालू द्या. मग ती परत जाऊ देत."

पूर्वेचा दूत म्हणाला, "पाटावर आमच्या महाराजांची मोहोर कुठे उमटवायची?"

"आणि बांध आम्ही घातला की यांनी, हे लोकांना कळणार कसे?" पश्चिमेचा दूत म्हणाला.

ते दोघे एकमेकांशी सहमत झाले ते एवढ्या एकाच गोष्टीत.

बाहेर पडताना पूर्वेच्या दूताने क्षेमकाला बाजूला घेतले. "पश्चिमेची पोती तू अडव. आमच्या राजधानीतली सगळी कोठारे तुझ्या हाताखाली देतो."

"मला एक कोठी राखता आली नाही," क्षेमक म्हणाला. "सगळी कशी राखू?"

राजाला दूत नाराज होऊन जायला नको होते. तो म्हणाला, "परवा गाड्या निघतात. पोती रिकामी गेली तर आपल्याला भिकारी म्हणतील. कोठी उघड."

"महाराज, कोठी माझी नाही. क्षमा असावी, ती आपलीही नाही. मडक्यांवर ज्यांच्या खुणा आहेत, त्यांना विचारतो."

राजा वाईट नव्हता. तो म्हणाला, "विचार."

दुसऱ्या दिवशी सकाळी लोक कोठीपुढे जमले. सर्वांत पुढे उत्तरामाई होती. ती वरच्या उतारावरची म्हातारी, जिभेची तिखट. क्षेमकाने तिचे मडके आणून तिच्यापुढे ठेवले. तिने आत हात घातला. कोपरापर्यंत हात गेला तेव्हा बोटांना दाणे लागले.

"क्षेमका, उंदीर पाळलेस काय रे?"

"नाही, माई. पोत्यांतून गेले."

मग त्याने कबुतरांचे आणि कोंबड्यांचे सांगितले. उत्तरामाई खाली बसली.

"म्हणजे तीन वर्षं मी पूर्वेची कबुतरं पोसते आहे," ती म्हणाली. "आणि माझी सून म्हणते, सासूबाई कुणाला काही देत नाहीत."

लोक हसले. मग हसणे थांबले. एक जण म्हणाला, "पण रीत आहे, माई."

"रीत शेजाऱ्याची आहे. शेजारी भांडं उघडून बघतो. आत काय आहे हे ज्याला ठाऊकसुद्धा नाही, तो कसला शेजारी?" तिने क्षेमकाकडे पाहिले. "यात किती शेत पेरेल?"

"अर्धे. आणि ते चुकले तर पुढे बी नाही."

"आणि नाही पेरलं तर?"

"पोती येतात तोवर तांदूळ आहे. पोती का येतात ते आपल्याला ठाऊक आहे. ते कारण आपल्या हातात नाही."

"दोन घरचा पाहुणा उपाशी, असं माझी आई म्हणायची," असे म्हणत ती उठली. तिने मडके कमरेवर घेतले आणि वर चालू लागली. पुष्कळांनी माना हलवल्या. कोणी म्हणाले, म्हातारीला चळ लागला आहे. पण वीस-बावीस घरांनी आपापली मडकी मागून घेतली. क्षेमकाने बाकीच्यांचे बी जपून ठेवले, दाराची किल्ली राजापुढे ठेवली आणि कुदळ घेऊन तोही पाट उपसायला गेला. राजाने ती किल्ली दोन दिवस हातात धरली. दार मात्र त्याने उघडले नाही. त्या खेपेला पोती रिकामी गेली. कोणाच्याच ते लक्षात आले नाही.

नाचणी कणसात येत असताना बातमी आली की पूर्वेच्या राजकन्येचा विवाह पश्चिमेच्या राजपुत्राशी ठरला आहे. वैर मिटले. खिंड कोणाच्या हातात आहे, याची आता कोणाला काळजी उरली नाही. आठ दिवसांत गाड्या बंद झाल्या. खिंडीतल्या कारभाऱ्यांनी जाताना निरोपही घेतला नाही. त्यांच्या मनात काही वाईट होते असे नाही. त्यांचे काम संपले होते.

त्या वर्षी वेणुवतीत पोटभर कोणीच जेवले नाही. कितीतरी घरे कडी लावून दूरदेशी हमालीला गेली, आणि त्यांतली काही परत आलीच नाहीत. पण ज्या वीस-बावीस घरांनी पेरले होते त्यांनी न पेरलेल्यांना वाटून दिले. उत्तरामाई प्रत्येकाला आंबील वाढताना दोन शब्द सुनावी आणि मग आणखी एक पळी वाढी. पुढच्या पेरणीला कोठीतली सगळी मडकी निघाली. राजा वेणुदत्त स्वतः बांधाचे दगड वाहू लागला, आणि त्याच्या हाताला फोड आले तेव्हा त्याने ते कोणाला दाखवले नाहीत.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे पुढे बुद्ध झालेल्या त्याच बोधिसत्त्वाने, एका दूरच्या विहारात सांगितली. त्या विहाराला भोजन कोणी द्यायचे यावरून गावातले दोन धनाढ्य श्रेष्ठी एकमेकांशी स्पर्धा करीत होते. तिथल्या भिक्खूंनी भिक्षेला जाणे सोडले होते, आणि गावाला त्यांची ओळख राहिली नव्हती.

शास्ते म्हणाले, "त्या वेळचे दोन राजे म्हणजे समोर बसलेले हे दोन श्रेष्ठी होत. वेणुदत्त राजा म्हणजे या विहाराचा प्रमुख भिक्खू. उत्तरामाई म्हणजे दाराशी बसलेली ती वृद्ध भिक्खुणी. आणि क्षेमक मीच होतो."

एका श्रेष्ठीने खाली पाहत विचारले, "भन्ते, मग आम्ही द्यायचे नाही काय?"

"द्या. पण देण्याआधी यांच्याजवळ बसा. काय कमी आहे ते विचारा, आणि किती दिवस कमी आहे तेही विचारा. आपल्याशिवाय यांचे चालू लागेल तो दिवस आपल्याला आनंदाचा वाटेल का, हे स्वतःला विचारा."

देताना आणि घेताना किती, आणि कुठवर, हे ओळखणे, यालाच मात्रज्ञता म्हणतात. करुणेला ती लागते. दुसऱ्या दिवशी सकाळी भिक्खू पात्रे घेऊन गावात गेले, आणि ते दोघे श्रेष्ठी आपापल्या दारात, एकमेकांकडे न पाहता, त्यांची वाट पाहत उभे होते.