दीपगृहातला जिना

"तिला सांगू नकोस हं, आई. ती हसेल."

हे वाक्य जिच्या कानावर पडलं, तिच्यासाठी ते नव्हतंच. ती फांदीच्या पलीकडच्या अंगाला सावरीचा कापूस उन्हात पसरत होती, आणि अलीकडे बोलत होता तो तिचा नवरा.

मुलांनो, आधी घर सांगते, म्हणजे गोष्ट कळेल. डोंगरउतारावरच्या एका दाट रानात जुनं फणसाचं झाड होतं आणि त्या झाडावर शेकरूंचं एक कुटुंब राहत असे. खालच्या ढोलीत सासूबाई आणि त्यांचा मुलगा, वरच्या ढोलीत मुलाचे काका, आणि अकरा दिवसांपूर्वी समोरच्या डोंगरावरून लग्न होऊन आलेली ही नवी सून. सासूबाई काटकसरी होत्या, काका हौशी होते, मुलगा लाजरा होता आणि सून गप्प होती. गप्प म्हणजे मुकी नव्हे. माहेरी ती पुष्कळ बोलायची. पण सासरी बोलण्याआधी दोनदा विचार कर, असं निघताना आईने सांगितलं होतं, आणि हिचा दोनदा विचार होईपर्यंत दुसरंच कोणीतरी बोलून जायचं.

तुमच्यापैकी कुणी असतं, तर सरळ पुढे होऊन विचारलं असतं, "कशाला हसेन मी?" सुनेने नुसता कापूस उलटा केला. कापूस वाळला, पण ते वाक्य काही वाळेना. अकरा दिवसांत आपण असं काय केलं, की यांना मी हसणारी वाटावी? आणि ज्या घरात आपल्याला बघून काही लपवलं जातं, ते घर आपलं कसं म्हणायचं?

आता, बोलणं कमी असलं की बघणं वाढतं. सुनेने एक गोष्ट पहिल्या आठवड्यातच पाहून ठेवली होती. नवरा एकटा असला की हिरड्यावर हिरडा रचत बसायचा. पाच-सहा हिरडे तोल सांभाळून उभे राहिले, की मान तिरकी करून मनोऱ्याकडे बघायचा. तिची चाहूल लागली की शेपटीने मनोरा पाडायचा आणि म्हणायचा, "वारा फार आहे नाही आज?"

पानसुद्धा हललेलं नसायचं.

"हो ना," ती म्हणायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी झाडाखाली कोल्हा आला. हा कोल्हा गावोगावच्या वस्तू पाठीवर घेऊन रानोमाळ विकत हिंडायचा. त्याने खडकावर फडकं अंथरलं आणि त्यावर एक मोठी पेटी ठेवली. पेटीच्या झाकणावर निळ्या समुद्राच्या काठी उभं असलेलं एक पांढरं दीपगृह रंगवलं होतं. समुद्र या रानात कोणीच पाहिलेला नव्हता. तरी मुलगा ते चित्र असं बघत उभा राहिला, की त्याच्या हातातलं करवंद गळून पडलं ते त्याला कळलंच नाही.

"दोन हजार दोनशे बावीस विटा," कोल्हा म्हणाला. "वाळवीच्या खास कारखान्यातल्या. प्रत्येक विटेला वर दाणे, खाली खळगे. डिंक नको, चिखल नको. हे बघा, नमुना." असं म्हणून त्याने मागे हात घातला आणि पाठीमागच्या गाठोड्यातून चार विटा काढून सगळ्यांच्या हातात दिल्या.

सुनेनेही एक घेतली. दुसरीवर दाबली. टच्. ओढली, तर सुटली. पुन्हा दाबली. टच्. ती बराच वेळ ते करत राहिली. कोणाचं लक्ष नव्हतं.

"आणि आत जिना आहे बरं का," कोल्हा म्हणाला. "खालपासून दिव्यापर्यंत, गोल गोल. बाहेरून दिसतसुद्धा नाही."

"दिसत नाही, तर त्याच्या विटांची किंमत आम्ही का द्यायची?" सासूबाईंनी विचारलं. "केवढ्याला आहे हे?"

"तुमच्यासाठी तीनशे आठळ्या, मावशी."

आठळ्या म्हणजे फणसाच्या बिया. मुलाने दोन उन्हाळे एकेक करून जमवलेला, घरच्या साठ्याहून वेगळा असा त्याचा स्वतःचा ढीग होता तो बरोबर तीनशेचा. कोल्ह्याला हे कसं कळलं, ते मला ठाऊक नाही. अशांना कळतं.

"घेऊन टाक," वरून काका उतरत म्हणाले. "पुन्हा बनणार नाही ही. जपून ठेवली, तर पाच पावसाळ्यांत दुप्पट."

"काकासाहेब जाणकार आहेत," कोल्हा म्हणाला. "फक्त ही मोहोर सांभाळायची. ही लाखेची मोहोर फुटली, की वस्तू तीच, पण किंमत निम्मी. तेव्हा पेटी उघडायची नाही."

"उघडायची नाही?" मुलगा म्हणाला.

"छे! उघडली की गेली."

काकांना हे तोंडपाठ होतं. त्यांच्या ढोलीत अशा सतरा पेट्या होत्या. बोगदा होता, धरण होतं, आगगाडीचं स्टेशन होतं, सगळं मोहोरबंद. ढोली इतकी भरली होती, की काका स्वतः बाहेर फांदीवर झोपायचे. रोज सकाळी ते एकेक पेटी शेपटीने पुसायचे, कानाशी धरून हळूच हलवायचे, आतला खुळखुळ ऐकायचे आणि परत ठेवून द्यायचे.

"किती विकल्यात हो भावजी, दुपटीने?" सासूबाईंनी विचारलं.

"अजून तसं गिऱ्हाईक आलेलं नाही, वहिनी."

"यायचंही नाही. त्याला उभं राहायला तुमच्या ढोलीत जागा कुठे आहे?" मग त्या मुलाकडे वळल्या. त्यांचा आवाज मात्र खाली आला. "बाळा, गेल्या वर्षी पाऊस दसऱ्यापर्यंत लांबला. शेवटचे आठ दिवस आपण झाडाची साल कुरतडून काढले, आठवतंय ना? तो ढीग हाताशी असलेला बरा. त्यातून आता घरात एक तोंड वाढलंय." आणि सून तिथेच उभी आहे हे लक्षात येऊन, "म्हणजे तसं नव्हे गं," असं त्या घाईने म्हणाल्या.

सुनेला राग आला नाही. सासूबाईंचं बरोबर होतं. काकांचं चुकत होतं, पण प्रेमाने चुकत होतं. आणि नवरा अजून पेटीपाशीच उभा होता. त्याने झाकणावरच्या दीपगृहाच्या दारावरून एकदा बोट फिरवलं, इतकं हळू, की जणू ते उघडेल.

ते बोट तिने आधी पाहिलेलं होतं.

लग्नाच्या दिवशी पाहिलं होतं. मुलीकडचे लोक लग्नात शोभेच्या वस्तू मांडतात, त्याला रुखवत म्हणतात, हे तुम्हाला माहीत असेलच. तिच्या रुखवतात एक घर होतं. चिंचोक्यांच्या भिंती, उंबराच्या सालीचं छप्पर, करंगळीएवढं दार. बघणारे बघायचे, "वा वा" म्हणायचे आणि पंगतीकडे जायचे. तेच घर आता सासरी सगळ्यात वरच्या कपारीत केळीच्या पानात गुंडाळून ठेवलेलं होतं. सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, "हल्ली काय, सगळं तयार मिळतं. पण आहे नाजूक. मोडायला नको." हेही तिने आडूनच ऐकलं होतं. ते घर तिने स्वतः केलेलं होतं. चार महिने लागले होते. तिला चुकल्याचुकल्यासारखं वाटायचं ते त्या घराशिवाय नव्हे. ते करण्याशिवाय.

आणि त्या दिवशी सगळे पंगतीला बसले असताना एकजण मात्र रुखवतापाशी गुडघे टेकून बसला होता. त्या छोट्या दारावरून असंच बोट फिरवत. मग त्याने एक डोळा मिटून दुसरा दाराला लावला होता. तो नवरदेव होता. ती आंतरपाटापर्यंत त्याला नीट बघणार नव्हती, पण तेव्हाच बघून झालं.

"नको," मुलगा एकदम म्हणाला. त्याने पेटी कोल्ह्याकडे सरकवली. "आईचं खरं आहे. तसंही, लग्न झालेल्या शेकरूने विटा रचत बसायचं म्हणजे… लोक हसतील."

'लोक' म्हणताना त्याने चोरून बायकोकडेच पाहिलं.

हिरड्यांचे मनोरे, नसलेला वारा आणि कालचं ते वाक्य, तिन्हींचा अर्थ सुनेला तिथल्या तिथे लागला. ती वळली आणि सरसर झाडावर चढून गेली.

"कामाला लागली बिचारी," सासूबाई म्हणाल्या. "शहाणी आहे."

कोल्हा फडकं आवरू लागला. काकांनी उसासा टाकला. मुलाने पडलेलं करवंद उचललं, पुसलं, पण खाल्लं नाही.

तेवढ्यात सून परत खाली आली. हातात चिंचोक्यांचं घर होतं.

"अगं, ते कशाला काढलंस? मोडेल ना," सासूबाई म्हणाल्या.

सुनेने घर खडकावर ठेवलं आणि दोन्ही हातांनी छप्पर उचललं. ते चिकटवलेलं नव्हतंच. आत, तळापासून माळ्यापर्यंत, काड्यांचा एक जिना होता. अकरा पायऱ्या, एका बाजूला कठडा.

"अगंबाई," सासूबाई खाली वाकल्या. "हा बाहेरून कुणालाच दिसत नाही."

"मला दिसला होता," मुलगा म्हणाला. "लग्नात. दारातून."

"म्हणून पंगतीत सापडत नव्हतास होय! मी दोनदा माणूस पाठवला तुला शोधायला." सासूबाईंनी एका पायरीला नखाने अलगद स्पर्श केला. "फार बारीक काम आहे. कुठल्या कारागिराकडून घेतलं गं, तुझ्या आईने?"

सुनेने एकदा विचार केला. दुसऱ्यांदा केला नाही.

"मी केलंय," ती म्हणाली.

मुलगा तिच्याकडे बघतच राहिला. मग जिन्याकडे. मग पुन्हा तिच्याकडे. "कठडासुद्धा?" त्याने विचारलं.

"कठड्याला सगळ्यात जास्त दिवस लागले. डिंक सुकेपर्यंत धरून बसावं लागतं."

"तेच," तो म्हणाला. "हिरड्यांचंही तेच होतं. डिंक लावला तर पुन्हा मोडता येत नाही, आणि नाही लावला तर…"

"वारा येतो," ती म्हणाली.

मुलाचे कान लाल झाले. काका खोकले. सासूबाईंना काही कळलं नाही, पण आपण ते विचारू नये एवढं कळलं.

कोल्ह्याने पेटी पाठीवर घेतली होती. सून त्याच्याकडे वळली. "कोल्होबा, नमुन्याच्या विटा तुम्ही या पेटीतून नाही काढल्यात."

"अं?"

"हिची तर मोहोर शाबूत आहे. तुम्ही गाठोड्यातून काढल्यात. तिथे आणखी एक पेटी आहे."

कोल्ह्याने शेपटी आवरून घेतली. "आहे एक. घाट चढताना खडकावर आपटली नि मोहोर फुटली. विटा सगळ्या आहेत, नमुन्याच्या चार धरून. पण ती तुम्हाला काय कामाची, वहिनी? जपून ठेवण्याजोगी नाही ती."

"तिची किंमत काय?"

कोल्हा घुटमळला. पण मोहोर फुटली की किंमत निम्मी, हे त्यानेच मघाशी सगळ्यांसमोर सांगितलं होतं, आणि काका ते वाक्य ओठांत घेऊन उभेच होते.

"निम्मी," काका म्हणाले. "दीडशे." आणि मग स्वतःच्याच बोलण्याचं नवल वाटल्यासारखे ते वर, आपल्या ढोलीकडे बघू लागले. तिथे सतरा पेट्या होत्या.

कोल्ह्याने निमूटपणे गाठोड्यातली पेटी काढली. तिचा एक कोपरा चेपलेला होता, आणि चेपलेल्या कोपऱ्यातून आतल्या पांढऱ्या विटा दिसत होत्या.

"म्हणजे उरलेल्या दीडशे आठळ्या पावसाला राहतात," सासूबाई हळूच म्हणाल्या. त्यांनी ते बोटांवर मोजलंही होतं. तरी त्यांनी एकदा मुलाकडे, एकदा सुनेकडे पाहिलं. "पण बाई, हे रचायचं कधी आणि रचणार कोण? दोन हजार विटा आहेत."

"वर दिव्याच्या जागी काजवा लागेल," काका पुटपुटले. "मी आणतो. ओढ्याकाठी पुष्कळ असतात. म्हणजे, तुमची हरकत नसेल तर."

मुलगा जागचा हलला नाही. आठळ्यांच्या ढिगाकडे गेला नाही, पेटीलाही हात लावला नाही. बायको काय म्हणते, याची वाट बघत तो उभा होता. हसते की काय, याचीही.

ती हसली. पण तो घाबरत होता तशी नाही. मग कापूस वाळत घालायच्या फांदीवरसुद्धा ऐकू जाईल, अशा आवाजात ती सगळ्यांना म्हणाली, "घेऊ या. पेटी आजच उघडायची. भिंती यांनी लावायच्या, जिना मी लावणार."

तात्पर्य : एखादी महाग वस्तू घेण्याजोगी आहे का, हे ठरवताना ती पुढे केवढ्याला जाईल हे विचारू नये, ती उघडणार कोण आणि शेजारी बसणार कोण, हे विचारावं. आणि आपल्याला कोणी हसेल असं वाटलं, तर ज्याच्याबद्दल वाटलं, त्यालाच आधी विचारावं.