धनगराची लेक आणि तोंड चुकवणारी माणसं

एका गावात एक धनगर राहायचा. राहायचा म्हणजे गावात कमी आणि माळावर जास्त. त्याला एक लेक होती. मेंढरांच्या मागं फिरता फिरता तिला एक हुन्नर आला होता. मेंढराचा पाय मोडला की ती तो हलक्या हातानं सरळ करायची, बांबूच्या कामट्या लावून चिंध्यांनी बांधायची, आणि थोड्या दिवसांनी ते मेंढरू पुन्हा कळपात उड्या मारायचं.

आधी मेंढरं, मग गावातली वासरं, मग माणसं. कुणी झाडावरून पडलं की लोक म्हणत, "धनगराच्या लेकीला बोलवा." पुढं पुढं तर ताप आला, पोट दुखलं तरी तिलाच बोलावू लागले. तीही ऐकीव पाला-मुळ्यांचा काढा करून द्यायची. बरी झालेली माणसं ओंजळभर शेंगा नाहीतर दोन वांगी घेऊन यायची आणि तोंडभर कौतुक करायची. मुलगी लाजायची. पण माणूसच ती, तिला बरंही वाटायचं.

फक्त काढा देताना तिच्या मनात पाल चुकचुकायची. आपण काय देतोय, ते आपल्यालाच नीट ठाऊक नाही. एकदा हे सगळं मुळापासून शिकावं, असं तिला फार वाटे.

शिकायची जागा एकच होती. घाटमाथ्यावर एक वैद्यशाळा होती. दसरा झाला की दूरदूरची मुलंमुली तिथं जायची. जागा थोड्या आणि येणारे फार. त्यातून तिथला एक रिवाज होता, जरा कडकच. दारात उभं राहिलं की मोठे वैद्य विचारायचे, "तुला काय येतं आणि काय येत नाही?" जे येतं म्हणून सांगाल ते करून दाखवायचं. जमलं तर आत. नाही जमलं तर माघारी, आणि मग त्या दारात जन्मात पुन्हा उभं राहायचं नाही.

त्यामुळं दसरा जवळ आला की घरोघरी एकच घोर लागायचा. यंदा जावं, की थांबावं? आपण किती पाण्यात आहोत?

त्या गावातून यंदा दोघांच्या मनात होतं. एक धनगराची लेक, दुसरा शास्त्रीबुवांचा मुलगा. मुलगा हुशार होता. कुठलंही पान हातात द्या, तो झाडाचं नाव सांगायचा, आणि एक नाव काढलं की पुढची शंभर नावं माळेसारखी ओढत आणायचा.

मुलीनं शेजारच्या म्हातारीला विचारलं, "आजी, यंदा जाऊ का मी?"

"तू नाही जायचं तर कोण जायचं मग? माझ्या गुडघ्याला विचार."

लोहाराला विचारलं. तो म्हणाला, "दारात नुसती उभी राहा. ते उठून तुला पाट देतील बसायला." ज्याला त्याला विचारलं, सगळ्यांचं एकच. जा. मुलीनं मनाशी ठरवून टाकलं.

मग एका बाजाराच्या दिवशी तिला गर्दीत एक बाई दिसली. मागच्या उन्हाळ्यात विहिरीवर घसरून या बाईचा हात मोडला होता, आणि तो मुलीनंच बांधला होता. मुलगी हसून पुढं झाली. बाईनं चटकन हात पदराखाली घेतला आणि भाजीच्या पाट्यांआडून दुसऱ्या अंगाला निघाली.

मुलीनं तिला गाठलं. "काकू, तोंड का चुकवता? हात बघू."

"बरा आहे गं हात. घाई आहे मला."

"बरा आहे तर दाखवा की."

बाईनं नाइलाजानं हात पुढं केला. हाड जुळलं होतं, पण वाकडं. तळवा जमिनीकडं होता तो आभाळाकडं होईना.

"भाकरी थापते मी," बाई हळूच म्हणाली, "पण परातीतून उचलून हातावर घेता येत नाही. तव्यावर टाकायला लेकीला हाक मारावी लागते. तुला मुद्दामच सांगितलं नाही. पोर एवढी जीव लावून करते, तिचं मन कशाला मोडायचं?"

बाई गेली. मुलगी तिथंच पाट्यांशेजारी बसली. भाजीवाल्यानं विचारलं, "काही घ्यायचंय का?" तिनं मान हलवली.

तिच्या एक गोष्ट ध्यानात आली होती. शेंगा-वांगी घेऊन आली ती सगळी बरी झालेली माणसं. जी बरी झाली नाहीत ती आलीच नव्हती. कुणी रागानं, कुणी मायेनं, पण ती तोंड चुकवत होती. आणि आपण मात्र आलेल्यांनाच विचारत बसलो होतो, मी कशी आहे म्हणून.

दुसऱ्या दिवसापासून तिनं, जी माणसं आली नव्हती, त्यांची दारं वाजवायला सुरुवात केली. सोपं काम नव्हतं ते. दार वाजवायचं आणि विचारायचं, "मी उपचार केले होते. गुण आला का?"

एका दारात एक सून उभी होती. तिच्या सासऱ्याला मुलीनं तापाचा काढा दिला होता. सून म्हणाली, "ते गेले. तुझ्यामुळं गेले असं मी म्हणणार नाही. पण तुझ्या काढ्यानं राहिलेही नाहीत."

मुलगी खाली मान घालून उभी राहिली. "मला तापातलं कळत नव्हतं, मामी. तरी दिला."

"मग तेव्हा तसं म्हणायचं होतंस," सून म्हणाली. "आम्ही त्यांना डोलीत घालून घाटावर नेलं असतं." एवढं बोलून तिनं पाण्याचा तांब्या आणून दिला, पण बस म्हणाली नाही.

दुसऱ्या दारात एका मुलाचं मनगट तसंच वाकडं. तिसऱ्या दारात तिला बघताच एक दांडगा गडी मागच्या दारानं पळत सुटला. मुलगी पाठोपाठ धावली. बांध ओलांडून त्याला अडवलं तर तो धापा टाकत म्हणाला, "पाय बरा झाला तर कोंबडी देईन म्हणालो होतो. ती मुंगसानं नेली. काय तोंड दाखवू?"

"तुझा पाय मोडला होता ना रे?"

"हो की."

"मग आता पळालास तो कुणाच्या पायानं?"

गडी आपल्या पायाकडं बघत राहिला. मुलगी किती दिवसांनी हसली.

असं करत ती सगळी दारं फिरली, आणि हळूहळू तिला आपलं माप दिसू लागलं. पाय बहुतेक सगळे नीट बसले होते. हात निम्मे-अर्धे वाकडे. त्याचं कारणही तिला उमगलं. तिचं सगळं शिक्षण मेंढरांवर झालेलं. मेंढराचा पुढचा पाय पुढं-मागं वाकतो, माणसाच्या हातासारखा कुलपातल्या किल्लीगत फिरत नाही. तिनं माणसाचे हात मेंढराचे पाय समजून बांधले होते. आणि तापाचं म्हणाल, तर त्यातलं तिला काहीच येत नव्हतं. जे बरे झाले ते आपले आपण झाले होते.

एवढं कळल्यावर तिचा धीर सुटला. सांजेला धनगर वाड्यात मेंढरं कोंडत होता. ती कुडाला टेकून म्हणाली, "आबा, मी नाही जात वैद्यशाळेत. मला काही येत नाही."

"असं का?" धनगर एकेका मेंढराच्या पाठीवर हात ठेवून आत सोडत होता. त्याला कसलीच घाई नसे. "ते कोंबडीवालं पोरगं बांधावरून पळालं म्हणालीस, त्याचा पाय कुणी बांधला होता?"

"मीच."

"सांजेला एक मेंढरू कमी भरलं तर आपण काय करतो?"

"हुडकायला जातो."

"आणि बाकीची?"

"वाड्यात ठेवतो."

"एक हरवलं म्हणून बाकीची सोडून तर नाही ना देत?" धनगरानं शेवटचं मेंढरू आत घेतलं आणि दार ओढलं. "आधी सगळी आहेतच असं धरून चालली होतीस. आता एकही नाही म्हणतेस. दोन्ही वेळा मोजलंस कुठं, बाय?"

मुलीनं दाराला अडसर लावला. मग म्हणाली, "पण पाय बांधता येतात, एवढ्यावर घेतील का मला?"

"तिथं काय लागतं ते मला काय ठाऊक? जे जाऊन-येऊन असतात त्यांना विचार."

घाटातून बैलांवर मीठ आणणारे लोक गावाबाहेर उतरायचे. मुलीनं त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्याला विचारलं, "बाबा, वर कसल्या माणसांना घेतात?"

म्हातारा म्हणाला, "तसं काही सांगता यायचं नाही. मागं एकाला नुसत्या जखमा धुता येत होत्या. त्याला घेतला. एकाला सगळंच येत होतं. तो आमच्याच बैलाबरोबर खाली आला." मग थोडं थांबून म्हणाला, "मात्र घाटात माणसं फार पडतात बघ. मोडके पाय तिथं रोजचेच."

ते ऐकून मुलीनं ठरवलं. यंदाच जायचं. जेवढं आहे तेवढं घेऊन जायचं.

दसरा झाला. दोघंही निघाली. वैद्यशाळेच्या अलीकडं एक धर्मशाळा होती, तिथं येणारे सगळे उतरले होते. शास्त्रीबुवांचा मुलगा काही एका जागी बसेना. तो जाऊन सगळ्यांना न्याहाळून आला.

"तो कोपऱ्यातला बघ, नाडीपरीक्षा करतो म्हणे. आपलं काही खरं नाही." थोड्या वेळानं आला आणि म्हणाला, "त्या दुसऱ्याला साधी अडुळशाची पानं ओळखता आली नाहीत. आपण सहज आत." परत गेला, परत आला. "एकाजवळ एवढं मोठं गाठोडं आहे. ग्रंथच असणार सगळे."

"चुरमुरे आहेत त्यात," मुलगी म्हणाली. "मघाशी मूठभर दिले त्यानं मला."

"तुला भीती नाही का वाटत?"

"वाटते की. पण त्यांच्याकडं बघून माझं काय वाढणार नि काय घटणार?"

त्याला ते पटलं असावं. पण बघायची सवय काही जाईना.

सकाळी एकेकाला आत बोलावू लागले. शास्त्रीबुवांच्या मुलाच्या आधी जो गेला, त्यानं खणखणीत आवाजात सांगितलं, "मला विष उतरवता येतं." दाराबाहेर सगळ्यांना ऐकू गेलं, आणि तो काही परत आला नाही, त्याला आत घेतला. मग मुलाची पाळी आली. मोठ्या वैद्यांनी विचारलं, "काय येतं?" मुलाच्या कानात अजून तो मघाचा आवाज घुमत होता. तो म्हणाला, "मलाही विष उतरवता येतं. सगळंच येतं."

"मग हे बघ," वैद्य म्हणाले. विंचू चावलेला एक माणूस ओसरीवर कण्हत होता. मुलगा त्याच्याजवळ बसला. त्याला विंचवाच्या औषधांची नावं आठवत होती. ती केवढी द्यायची, कशात द्यायची, पोटात द्यायची की बाहेरून लावायची, ते आठवेना. थोड्या वेळानं वैद्यांनीच त्याला हाताला धरून उठवलं, रागावले नाहीत.

बाहेर येऊन तो मुलीसमोर उभा राहिला. "मला पानं ओळखता येतात," तो म्हणाला. "मी ते सांगितलंच नाही."

मुलीनं सरकून त्याला बसायला जागा केली. एवढ्यात तिला आतून हाक आली.

"काय येतं?"

"माणसाचा मोडलेला पाय बांधता येतो."

"आणि काय येत नाही?"

"हात बांधता येत नाही. मी बांधलेले निम्मे हात वाकडे बसलेत. तापातलं काही कळत नाही. कळत नसताना एकांना काढा दिला, ते गेले."

मोठ्या वैद्यांनी आत बोट दाखवलं. घाटात घसरलेला एक गडी खाटेवर पडला होता, पाय पोटरीत मोडलेला. मुलगी खाली बसली. तिनं पायावरून बोटं फिरवली, गड्याला त्याच्या बैलांची नावं विचारली, आणि तो नावं सांगत असतानाच हाड जागेवर घेतलं. कामट्या लावल्या, बांधलं. हात पुसून ती उठणार, तेवढ्यात तिचा तळवा त्याच्या गुडघ्याच्या वर टेकला, आणि ती थांबली. मग तिनं त्याच्या कपाळाला हात लावला.

आता उठून उभी राहिली असती तर काम झालं होतं. सांगितलं तेवढं तिनं करून दाखवलं होतं.

"पाय बसला," ती म्हणाली. "पण याचं अंग तापलंय, आणि हा पायाचा ताप नव्हे असं वाटतं. माझ्या आवाक्यातलं नाही हे. ज्याला कळतं त्याला लवकर बोलवा."

मोठे वैद्य खाटेच्या दुसऱ्या बाजूला येऊन बसले. त्यांनी मुलीचा हात धरून गड्याच्या गळ्याच्या बाजूला ठेवला.

"इथं बघ," ते म्हणाले. "काय लागतंय हाताला? घाई करू नकोस."

मुलगी डोळे मिटून बघू लागली. वैद्य हळूहळू सांगू लागले, ती ऐकू लागली. बाहेर कुणीतरी पुढच्याला हाक मारली आणि तो दुसऱ्या वैद्यांपुढं जाऊन उभा राहिला, तेही तिला कळलं नाही.

तात्पर्य: बाळांनो, मोठ्या दारात जायच्या आधी स्वतःला मोजा. पण कौतुकानं मोजू नका, भीतीनं मोजू नका आणि शेजाऱ्याकडं बघून तर मुळीच मोजू नका. जिथं आपण कमी पडलो तिथं जाऊन विचारा, आणि जे खरंच आपलं आहे ते सांगायला विसरू नका.