वारुळाशी सौदा

त्या मुलखात जन्माला येणाऱ्या प्रत्येक जिवाला सारखंच बळ मिळत असे. कुणाचं ते पायांत असे, कुणाचं डोळ्यांत, कुणाचं गळ्यात. पण एकूण माप सगळ्यांचं एकच. अलीकडे तिथले झरे आटत चालले होते. खिंडीपलीकडे हिरवं रान होतं, म्हणून जनावरं टोळ्या करून तिकडे निघत. खिंडीत एक पहारेकरी बसलेला असे. टोळी नेटाची असली तर कधी पार होई, नाहीतर अंगावर ओरबाडे घेऊन परत येई.

जिवाजी मुंगूस, गोदाई कासवीण आणि आबू भारद्वाज यांची अशीच एक टोळी होती. आबू झाडावरून पुढचा रस्ता न्याहाळे, गोदाई पाठीवर मार झेले, आणि पहारेकऱ्याच्या घोट्याला डसायचं काम जिवाजीचं. पहिल्या खेपेला नेमके जिवाजीचे दात घसरले आणि तिघांना माघारी पळावं लागलं. वाटेत आबूने पहारेकऱ्याच्या गुरगुरण्याची अशी हुबेहूब नक्कल केली, की गोदाई हसता हसता उताणी पडली आणि दोघांनी मिळून तिला सरळ केलं. जिवाजीही हसला. पण ते घसरलेले दात त्याच्या मनातून जाईनात.

रानाच्या कडेला एक वारूळ होतं. त्याच्या तोंडाशी जाऊन आपल्यातलं एखादं बळ सोडलं, तर मुंग्या ते आत ओढून नेत आणि मागाल तिथे तेवढंच घालून देत. जिवाजी तिथे गेला. खूप विचार करून त्याने वास दिला. पिकल्या उंबराचा, बिळातल्या ओलाव्याचा, सगळाच. खिंडीत वासाचं काय काम, असं त्याने स्वतःला समजावलं. त्याचे दात लांब झाले. मग त्याने चव दिली, तसा जबडा रुंदावला. पुन्हा गेला तेव्हा झोप दिली, आणि खांदे दगडासारखे झाले.

“तू पूर्वीसारखा दिसत नाहीस, जिवा,” गोदाई म्हणाली.

“बरंच आहे की. या खेपेला आपण पार होणार.”

टोळी पुन्हा खिंडीत शिरली. जिवाजीचे दात या वेळी रुतले. पण पहारेकरीही मागच्या वेळचा राहिला नव्हता. त्याचा पंजा आता झाडाच्या बुंध्याएवढा होता. जिवाजीच्या खांद्यावर तो बसला तेव्हा जिवाजी नुसता हलला. तोच पंजा माघारी फिरताना आबूला लागला. आबू होता तसाच होता, हलका, नकला करणारा. तो खाली पडला आणि पुन्हा उठला नाही.

गोदाईने त्याला तोंडात धरून खिंडीबाहेर आणलं. 

“तो पहारेकरी तुझ्या जोडीचा झालाय,” ती म्हणाली. “आमच्या जोडीचा नाही. टोळीत जो सगळ्यात भारी, त्याच्याएवढा तो वाढतो.”

“मग तूही वारुळाकडे चल. दोघं सारखे होऊ.”

“काय देऊ मी तिथे?”

“खिंडीत लागत नाही ते सगळं.”

गोदाईने आबूच्या पंखांवरची माती पुसली. “याच्यासाठी जीव तुटतोय माझा. हे जीव तुटणंही खिंडीत लागत नाही. तेवढं देऊन टाकलं, तर तुझ्याबरोबर मी यायचं कशाला?”

 जिवाजी वारुळाकडे धावला आणि दिलेलं सगळं परत मागू लागला. मुंग्यांनी ऐकून घेतलं, पण परत द्यायला त्यांच्याकडे काही उरलंच नव्हतं. त्यांनी ते केव्हाच खाऊन टाकलं होतं. जिवाजी तिथेच बसून राहिला. आबूचा आवाज त्याच्या डोक्यात घुमत होता आणि तो त्याला सोसवेना. त्याने तो आवाज दिला. मग स्वतःची वाचा दिली. मग आपण कुणाबरोबर निघालो होतो, तेही देऊन टाकलं.

खिंडीच्या तोंडाशी एक कासवीण बसली होती. “जिवा,” तिने हाक मारली. तो थांबला नाही. आपल्याला हाक मारली जाते आहे, हेच त्याला उमगलं नाही. ती मात्र त्याच्या पाठमोऱ्या खांद्यांकडे बघत राहिली, ते दिसेनासे होईपर्यंत.

आत पहारेकरी डोंगराएवढा होऊन उभा होता. जिवाजीने एकाच चाव्यात त्याचा गळा फोडला आणि मागे न बघता खिंड ओलांडली.

पलीकडे रान खरोखरच हिरवं होतं. गवत कंबरेएवढं माजलं होतं आणि त्याला कुणाचं तोंड लागलेलं नव्हतं. त्यात ठिकठिकाणी जनावरं बसली होती, एकेकटी, एकमेकांपासून लांब. कुणी पूर्वी ससा असेल, कुणी हरिण, कुणी बगळा. आता सगळ्यांचे जबडे तसेच रुंद, खांदे तसेच दगडी. जिवाजीची चाहूल लागताच सगळ्या माना एकदम वळल्या. त्याने आपल्यासाठी एक मोकळी जागा शोधली आणि दात उघडे ठेवून तिथे बसला.

काही काळाने खिंडीतून आणखी एक जण आला. पुन्हा सगळ्या माना एकदम वळल्या. त्यांतली जिवाजीची कुठली, हे गोदाईलाही सांगता आलं नसतं.